आगाऊ छापलेलं वर्ष

जगाचं वर्ष एकतीस डिसेंबरला संपतं, पण दादाच्या कचेरीतलं वर्ष बावीस तारखेलाच आटोपायचं. कारण छापखान्यातलं मशीन. मशीन एकच, तेही म्हातारं. शेवटच्या आठवड्यात रोजचा अंक तेवढा उरकला की त्याच्यावर पुढच्या वर्षाची कॅलेंडरं चढायची, म्हणून वर्षअखेरची पुरवणी नऊ दिवस आधीच छापून, गठ्ठे बांधून गोदामात रचून ठेवायची, अशी तिथली जुनी रीत. एकतीस तारखेला सकाळी वाचक चहाचे घुटके घेत सरत्या वर्षाचा आढावा वाचायचे आणि माना डोलवायचे. त्यातले शेवटचे नऊ दिवस लिहिणाऱ्याने नुसते अंदाजाने उरकलेत, हे त्यांच्या गावीही नसायचं.

आणि अंदाजात दादाचा हात धरणारं कुणी नव्हतं. थंडी "उशिरा का होईना, पडली" असं लिहिलं की ते कधीच चुकत नाही. खोदलेला रस्ता "अजून खोदलेलाच आहे" हे तर डोळे मिटून लिहावं. सामना असला तर "चुरशीचा झाला" म्हणावं आणि पुढच्या वाक्याकडे वळावं. कोण जिंकलं ते वाचक आपलं आपण भरून घेतात.

दादा मूळचा लेखक नव्हे. तो त्या वर्तमानपत्रात अठ्ठावीस वर्षं मुद्रितं तपासत होता. वर्षभर दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि अनुस्वार दुरुस्त करायचे आणि वर्षातून एकदा, शेवटच्या दिवसासाठी, स्वतःचा लेख लिहायचा. लेखाचं नाव "वर्षाची झाडलोट". सिनेमा, नाटक, खेळ, गावातली उखाळीपाखाळी, जे काय कोपऱ्यात साचलं असेल ते झाडून एका पानावर गोळा करायचं. लोक वर्षभर अग्रलेख वाचत नसत, पण झाडलोट वाचत. त्या एका पानामुळे फळवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याच्याहून चार वर्षांनी मोठ्या असलेल्या संपादकबाईसुद्धा.

दादाचा धाकटा भाऊ पाणीपुरवठा खात्यात फिटर होता आणि खात्याच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. नऊ वर्षांपूर्वी एका सामन्यात त्याने सहा गोल खाल्ले. दादाने त्या वर्षीच्या झाडलोटीत लिहिलं, "पाणीपुरवठ्याच्या गोलात माणूस नव्हता, चाळण उभी होती." झालं. दुसऱ्या दिवशी बसच्या कंडक्टरने त्याला तिकीट देताना विचारलं, "काय चाळण, कुठपर्यंत?" महिन्याभरात त्याचं खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं. नळ गळायला लागला की बायका एकमेकींना सांगत, "चाळणला बोलवा, छान काम करतो." धाकटाही हसायचा. तो हसतो म्हणून दादाला वाटायचं, त्याला आवडतं. शब्द तपासणाऱ्या माणसाला माणसाचं हसू तपासता येतंच असं नाही.

इतकंच नव्हे, दर वर्षी एकतीस तारखेला सकाळी धाकटा बायकामुलीला घेऊन दादाकडे यायचा आणि आईला झाडलोट वाचून दाखवायचा. आईला आता डोळ्यांनी फारसं दिसत नसे. आई खिडकीजवळच्या खुर्चीत, दादा आणि वहिनी पलंगावर, आणि धाकटा खोलीच्या मधोमध उभा राहून साभिनय वाचन करायचा. स्वतःवरचे विनोद तो सगळ्यात मोठ्याने वाचायचा. आई डोळे पुसेपर्यंत हसायची आणि म्हणायची, "दोघंही एकाच माळेचे मणी."

या वर्षी पाणीपुरवठा संघ उपांत्य सामना जिंकून अंतिम फेरीत गेला. अंतिम सामना अठ्ठावीस तारखेला, वीज मंडळाच्या संघाशी. याआधी चार वेळा ते अंतिम सामना खेळले होते आणि चारही वेळा हरले होते. उपांत्य सामन्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटा पान्हा घेऊन दादाकडे आला. स्वयंपाकघरातल्या सिंकखालून पाणी झिरपत होतं. तो उताणा होऊन सिंकखाली शिरला, नुसते पाय बाहेर. दादा शेजारी स्टुलावर विजेरी धरून बसला.

"दादा, एक सांगू?" सिंकखालून आवाज आला.

"सांग की."

"या वर्षी तेवढं चाळण नको लिहूस."

दादा हसला. "का रे? एवढी वर्षं चाललं ते."

"चाललं. माझं काही नाही रे. पण पोरगी आता वाचायला लागली. या वेळी आजीला पेपर मीच वाचून दाखवणार म्हणून हटून बसलीये." थोडा वेळ नुसता पान्ह्याचा आवाज आला. "आणि हा माझा शेवटचाच सामना आहे. गुडघे संपले माझे. जिने चढताना कठडा धरावा लागतो. पुढच्या वर्षी विनोदाला तुला दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागणार."

दादाने विजेरी दुसऱ्या हातात घेतली. "नाही लिहिणार," तो म्हणाला. "शब्द दिला."

"शब्दांची काय कमी तुझ्याकडे," धाकटा आतून हसला, "जरा विजेरी डावीकडे धर. वायसर दिसत नाहीये."

वीस तारखेला, शनिवारी दुपारी, दादा कचेरीतल्या आपल्या कोपऱ्यात झाडलोट लिहायला बसला. लेख झरझर उतरला. चौकातल्या चित्रपटगृहाने या वर्षी एकच सिनेमा अकरा आठवडे चालवला, सिनेमा चांगला होता म्हणून नव्हे, फलक रंगवणारा लेकीकडे राहायला गेला होता म्हणून. नाट्यगृहाचा पडदा तीन प्रयोगांत अर्ध्यावर अडकला, प्रेक्षकांना नटांचे फक्त पाय दिसले आणि जाणकारांच्या मते अभिनय पायांनीच बरा केला. पोहण्याच्या तलावाचं उद्घाटन झालं, पाणी पुढच्या वर्षी. मंडईच्या मनोऱ्यावरचं घड्याळ याही वर्षी चार वाजून दहा मिनिटांवर ठाम राहिलं, गावात ठाम राहिलेली ती एकच गोष्ट.

मग खेळ. इथे "अंतिम सामना चुरशीचा झाला" एवढं लिहून सुटायचं होतं. तशी त्याची पेन्सिल टेकलीही होती. पण विनोद सुचला. लिहिणाऱ्या माणसाला विनोद सुचला की त्याला भाऊबंद उरत नाहीत. त्याने लिहिलं, "अंतिम सामना पाणीपुरवठा संघ नेहमीप्रमाणे हरला. गावातल्या एकूण एक नळांची गळती थांबवणाऱ्या आमच्या चाळणीला गोलातली गळती मात्र थांबवता आली नाही. आता तिने निवृत्त व्हावं आणि सुखाने पीठ चाळावं."

लिहून झाल्यावर त्याला दिलेला शब्द आठवला. अगदी आठवला नाही असं नव्हे. त्याने स्वतःला सांगितलं, असू दे सध्या, सोमवारी मुद्रित हातात येईल तेव्हा काढून टाकू.

सोमवारी मुद्रित आलं. दादाने ते शिरस्त्याप्रमाणे दोनदा वाचलं. तलावाच्या मजकुरात एक वेलांटी चुकली होती, ती त्याने ठीक केली. मग तो त्या तीन वाक्यांपाशी आला, आणि त्याला स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसू आलं. हसता हसता खाली सही झाली. जगाच्या चुका शोधणाऱ्याच्या दिव्याखाली अंधार असतो तो असा. संध्याकाळपर्यंत अकरा हजार प्रती छापून झाल्या आणि मशीनवर कॅलेंडरं चढली.

बुधवारी दुपारी धाकट्याची मुलगी आली. वय वर्षं आठ. शाळेला सुट्टी होती आणि तिच्या हातात गेल्या वर्षीच्या झाडलोटीचं कात्रण होतं.

"मोठे काका, मी सराव करते. तुम्ही चुका काढा."

दादाला ही पोर फार लाडकी. तिला त्याने गंमत म्हणून मुद्रितं तपासायच्या खुणासुद्धा शिकवल्या होत्या. चुकलेल्या शब्दावर आडवी रेघ मारून शेवटी शेपटी कशी काढायची, बरोबर शब्द समासात कसा लिहायचा. ती खुर्चीवर उभी राहून वाचू लागली. जोडाक्षर आलं की दम घ्यायची. वाचता वाचता एका शब्दावर थांबली.

"चा-ळण," तिने वाचलं. "हे बाबाच ना?"

"हो," दादा म्हणाला.

"शाळेत मला चाळणीचं पीठ म्हणतात." तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. "पण बाबा म्हणाले या वर्षी नाहीये ते. मोठ्या काकांनी शब्द दिलाय."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. पोर पुढे वाचत राहिली आणि त्याला पुढचं एक अक्षर ऐकू आलं नाही.

चपला घालून तो तडक कचेरीत गेला. संपादकबाई दुसऱ्या दिवशीचं पान लावत होत्या. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाईंनी चष्मा काढला.

"दादा, अकरा हजार प्रती आहेत. आता काय करू मी?"

"त्या तीन ओळींवर कागदाची पट्टी चिकटवू. मी चिकटवतो."

"अकरा हजार? एकटे?"

"मग शाईचा शिक्का मारू."

"आणि मागच्या पानावर जाहिरात आहे, त्यावर शाई उतरेल त्याचं काय?" बाई चिडल्या नव्हत्या, उलट त्यांना वाईट वाटत होतं, त्यामुळे दादाला आणखीच हरल्यासारखं वाटलं. "अठ्ठावीस वर्षांत तुमची चूक निघाली नाही हो. निघायची ती नेमकी घरात निघाली."

तो गोदामात गेला. सुतळीने बांधलेले गठ्ठे कमरेएवढ्या उंचीपर्यंत रचलेले होते. मशीनवाला तंबाखू मळत उभा होता. दादाने त्यालाही विचारलं, काही करता येईल का.

"दादा, छापलेलं पान आणि सुटलेला गोल, दोन्ही परत येत नाहीत," मशीनवाला म्हणाला. त्याला आपलं वाक्य आवडलं असावं, कारण ते त्याने पुन्हा एकदा म्हटलं.

परत निघताना संपादकबाईंनी त्याला दारात गाठलं. "एवढं मनाला लावून घेऊ नका. ते चाळण वगैरे राहील थोडं, पण बाकी खरंच तर आहे. हरतीलच की ते. दर वेळी हरतात. मग तुमचं लिहिलेलं खोटं तरी ठरणार नाही."

हे बाई सहज बोलून गेल्या. पण बुडत्याला काडीचा आधार, तसं ते वाक्य दादाच्या मनात रुतून बसलं. हरतीलच. हरले की भाऊ आधीच पडेल चेहऱ्याने येईल, लेखातलं एक वाक्य त्या दुःखात भर घालून निघून जाईल. दोन दिवसांत लोक विसरतील. पण जिंकले तर? जिंकले तर आठ वर्षांची पोर आजीसमोर उभी राहून, आपला जिंकलेला बाप हरला, असं मोठ्याने वाचणार.

आपल्याला काय हवंय हे दादाने त्या दिवसांत स्वतःला एकदाही स्पष्ट विचारलं नाही. सांगून टाकावं असंही दोनदा वाटलं. भावाच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन तो दोन्ही वेळा परत फिरला. सामन्याच्या तोंडावर कशाला, असं त्याने मनाशी म्हटलं. भित्र्याला कारणांचा तोटा नसतो.

रविवारी दुपारी तीन वाजता सामना सुरू झाला. मैदानाच्या एका बाजूला सिमेंटच्या उघड्या पायऱ्या होत्या. चौथ्या पायरीवर दादा नेहमी बसायचा, या वेळी एका बाजूला वहिनी आणि दुसऱ्या बाजूला पोर. धाकट्याची बायको आईजवळ घरी थांबली होती, तिला नवऱ्याचा सामना बघवत नसे.

ही चौथी पायरी ठरलेली होती. लहानपणी घरामागच्या बोळात दोन विटा ठेवून गोल केलेला असायचा. मोठा चेंडू मारायचा आणि पाच वर्षांनी लहान असलेला धाकटा अडवायचा. अडवला की धुळीतून उठायच्या आधी तो मोठ्याकडे बघायचा. तोंडाने काही विचारायचा नाही, पण डोळ्यांत एकच प्रश्न असायचा, पाहिलंस ना? ती सवय एक्केचाळिसाव्या वर्षीही गेली नव्हती. एखादा चांगला चेंडू अडवला की त्याची नजर आधी चौथ्या पायरीवर यायची. दादा हात वर करायचा आणि मग खेळ पुढे सुरू.

मध्यंतराला एक-एक अशी बरोबरी होती. धाकटा त्या दिवशी काही वेगळाच खेळत होता. दुखऱ्या गुडघ्यांवर तो डावीकडे झेपावत होता, उजवीकडे झेपावत होता, मातीत लोळत होता. दोनदा त्याने वर पाहिलं आणि दोनदा दादाने हात वर केला. दोन्ही वेळा तो हात त्याने लगेच खाली घेतला.

सामना बरोबरीत संपला आणि पेनल्टीवर गेला. चार फटके झाल्यावर पाणीपुरवठ्याचे चार गोल, वीज मंडळाचे तीन. पाचवा मारायला पाणीपुरवठ्याचा लांब केसांचा खेळाडू आला आणि त्याने चेंडू थेट खांबावर मारला. लोकांनी कपाळाला हात लावले. दादाने सुटकेचा श्वास सोडला, आणि तो सुटकेचा होता हे त्याचं त्यालाच कळलं.

आता वीज मंडळाचा शेवटचा फटका. गोल झाला तर बरोबरी, अडवला तर पाणीपुरवठा विजेता. त्यांचा कप्तान चेंडू ठेवून चार पावलं मागे गेला. पोरीने दादाचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आणि दादा मनात म्हणत होता, जाऊ दे. एवढा एक जाऊ दे आत. होऊ दे गोल.

ज्याला त्याने बोटाला धरून शाळेत नेलं, त्या भावाची हार तो मागत होता. कशासाठी? तीन वाक्यांसाठी.

कप्तानाने फटका मारला. धाकटा उजवीकडे पूर्ण आडवा झाला आणि त्याच्या बोटांनी चेंडू खांबाबाहेर ढकलला.

मैदान उसळलं. खालच्या तीन पायऱ्यांवरचे लोक आरडाओरडा करत आत धावले. वहिनी उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती, पोर "बाबा, बाबा" करत पायरीवर नाचत होती. वरच्या पायऱ्यांवर एकही माणूस बसलेला नव्हता. दादा बसला होता. त्याच्या डोक्यात त्या क्षणी एकच आकडा होता, अकरा हजार.

धाकटा मातीतून गुडघ्यांवर उठला. गालाला चिखल, कोपर सोललेलं. लोक त्याच्याकडे धावत येत होते, आणि त्यांच्या मधल्या फटीतून त्याने वर, चौथ्या पायरीकडे पाहिलं. खालच्या पायऱ्या रिकाम्या झाल्या होत्या, त्यामुळे मध्ये आडोसा असा काहीच नव्हता.

दादा उठला. पण तोवर लोकांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं होतं आणि त्याची पाठ फिरली होती. दादाने त्या पाठीला हात वर करून दाखवला.

सोमवारच्या अंकात पहिल्या पानावर धाकट्याचा चषकासह फोटो आला. त्या बातमीचं मुद्रित दादानेच तपासलं. बुधवारच्या अंकासाठी त्याने संपादकबाईंकडे दोन ओळींची जागा मागून घेतली आणि सातव्या पानाच्या तळाशी खुलासा दिला, "आजच्या पुरवणीतील लेखात अंतिम सामन्याचा निकाल चुकून उलटा छापला गेला आहे. दिलगीर आहोत." बैल गेला आणि झोपा केला, यातला प्रकार. सातव्या पानाच्या तळाशी लोक फक्त औषधांच्या जाहिराती वाचतात. तिथलं दुसरं काही वाचल्याचं दादाने कधी ऐकलं नव्हतं.

एकतीस तारखेला सकाळी त्याने दारात पडलेला पेपर उचलला आणि त्यातली पुरवणी काढून गादीखाली सरकवली. वहिनीने पाहिलं.

"काय चाललंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्या माणसाने गादी तरी नीट घालावी," ती म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. त्याने तिला रविवारीच सांगितलं होतं, फक्त मनात काय मागितलं तेवढं सोडून.

नऊ वाजता धाकट्याचं कुटुंब आलं. धाकटा एक पाय ओढत चालत होता, पण चेहरा फुलला होता. आणि पोरीच्या हातात पुरवणी होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने स्वतः आणली होती, कारण वाचनाला आपली प्रत हवी. दादा बघत राहिला. आई खिडकीजवळच्या खुर्चीत सावरून बसली.

पोरीने वाचायला सुरुवात केली. फलक रंगवणाऱ्याला आई हसली. पडद्याला धाकट्याची बायको हसली. तलावाच्या वाक्याला धाकटा खो-खो हसला, कारण त्या तलावाची पाइपलाइन त्याच्याच खात्याकडे अडकली होती. दादा पलंगाच्या कडेला बसून फरशीकडे पाहत होता. घड्याळ आलं, गेलं.

"अं-तिम सामना पाणीपुरवठा संघ नेहमीप्र-माणे ह-र-ला," पोरीने वाचलं आणि थांबली. पुन्हा वाचलं, मनात, ओठ हलवत. मग पुढचीही दोन वाक्यं मनातच वाचली. तिने वर पाहिलं. बापाकडे नाही, दादाकडे.

"मोठे काका, हे चुकलंय."

आईने कान पुढे केला. "काय चुकलंय ग? वाच की मोठ्याने."

पोरीने दप्तरातून पेन्सिल काढली, पुरवणी जमिनीवर पसरली आणि शिकवल्याप्रमाणे "हरला"वर आडवी रेघ मारून शेपटी काढली. "इथे काय लिहू?"

"जिंकला," दादा म्हणाला.

तिने समासात "जिंकला" लिहिलं. मग पेन्सिल पुढच्या ओळीवर नेली. "आणि चाळण? तुम्ही शब्द दिला होता. हे पण खोडू?"

"राहू दे ग," धाकटा हसत म्हणाला. "सगळं खोडलंस तर गावाला कळायचं कसं, कोण जिंकलं ते?" आणि तिच्या हातातून पुरवणी घेऊन तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. तीनही वाक्यं त्याने दर वर्षीसारखी साभिनय वाचली, "हरला"च्या जागी "जिंकला" म्हणून, पीठ चाळण्याचा हातवारा करून. आई डोळे पुसेपर्यंत हसली. पोर हसली नाही. ती पेन्सिल दप्तरात ठेवत होती.

चहा झाल्यावर दादा मागच्या दारातल्या पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने धाकटा आला. बसला नाही, खाली बसलं की उठायला त्रास होतो म्हणून चौकटीला टेकून उभा राहिला.

"दादा, लेखाचं मनाला लावून घेऊ नकोस."

"मी शब्द दिला होता रे."

"मला माहीत होतं. शुक्रवारी मशीनवाल्याच्या घरचा नळ काढायला गेलो होतो, त्याने सांगितलं."

दादाने मान वर केली. "शुक्रवारी? सामन्याच्या आधी?"

"हो. आधी फार लागलं. रात्रभर झोप नाही. मग म्हटलं, ठीक आहे, आता जिंकूनच दाखवू. दादाला एकदा तरी खोटं पाडू." तो हसला. "त्याच जोरावर खेळलो. नाहीतर हे गुडघे कुठले पुरतात."

दादाला क्षमा मागायची होती. अठ्ठावीस वर्षं शब्दांत घालवलेल्या माणसाला एक शब्द सापडला नाही.

"फक्त एक," धाकटा म्हणाला. आता तो परसातल्या नळाकडे पाहत होता. "शेवटचा अडवला ना, तेव्हा मी वर बघितलं. सगळे उभे होते. तू बसला होतास."

नळातून एक थेंब पडला, मग दुसरा. खरं सांगण्याएवढा वेळ होता. भरपूर होता. धाकट्याने वाट पाहिली, आणि मग त्यानेच भावाला सोडवलं.

"गुडघा धरला होता का रे?"

"हो," दादा म्हणाला. "गुडघा."

"वाटलंच मला. आपल्या घराण्यालाच आहे ते. गार सिमेंटवर बसायचं नाही एवढा वेळ." धाकट्याने एका हाताने चौकट घट्ट धरली, स्वतःचा तोल सांभाळला आणि दुसरा हात खाली पुढे केला. "चल, ऊठ. आई हाक मारतेय."

आणि ज्याच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं तो दादा, भावाचा हात धरून, सावकाश, दुखल्यासारखं करत उभा राहिला.